खिडकीतले फ्लास्क

"कितवी वेळ?" सेलूकर सरांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"सहावी, सर."

"आणि?"

मी दोन्ही प्लेटा त्यांच्या टेबलावर ठेवल्या. पहिल्या प्लेटमध्ये नुसते ई-कोलाय जिवाणू वाढवले होते. दुसऱ्या प्लेटमधले जिवाणू आधी चार तास उर्मिलाताईंच्या भुकटीसोबत पाण्यात राहिले होते. ताईंच्या प्रबंधाप्रमाणे दुसरी प्लेट जवळजवळ कोरी निघायला हवी होती. पहिलीवर जिवाणूंच्या वसाहतींचे दोनशे बारा ठिपके होते, दुसरीवर दोनशे सात.

सर प्लेटांकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाले, "शनिवारी उर्मिलालाच बोलावून घे. तिच्या हातानं करू दे."

ही दोन हजार पाचच्या एप्रिलमधली गोष्ट. बीडच्या एका कॉलेजात आमचं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक लांबट खोली, एक फ्रिज, जिवाणूंना ठरावीक उबेत ठेवणारी इनक्युबेटरची बंद पेटी, निर्जंतुक करायला दोन मोठे प्रेशर कुकर आणि भिंतीला टेकून उभे असलेले आम्ही. उर्मिला नागरगोजे माझ्या चार वर्षं पुढे. जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनो कण जिवाणूंना कसे मारतात, यावर त्यांचा प्रबंध होता. ते कण म्हणजे दिसायला बाळाच्या अंगाला लावायच्या पावडरीसारखी भुकटी. एका जिवाणूच्या लांबीवर चाळीस-पन्नास कण ओळीनं बसतील इतका एकेक बारीक. तेव्हा 'नॅनो' हा शब्द नुकताच आमच्याकडे पोहोचला होता आणि अर्ज कशाचाही असो, तो शब्द त्यात घातल्याशिवाय कुणाला चैन पडत नव्हतं.

प्रबंध सादर झाला. बाहेरच्या परीक्षकांनी बाकी सगळं मान्य केलं, पण तक्ता क्रमांक चौदावर बोट ठेवलं. 'हे निष्कर्ष असाधारण आहेत. अन्य संशोधकाकडून एकदा करवून घ्यावेत.' त्या तक्त्यात दोनशेचे नऊ होत होते. सगळा प्रबंध त्या एका तक्त्यावर उभा होता. आणि ताई सहा वर्षं एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. प्राचार्यांनी कायमची जागा जूनपर्यंत त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, पीएच.डी. हातात आली तर. जून दोन महिन्यांवर होता.

'अन्य संशोधक' म्हणून सरांनी मला धरलं, कारण माझा विषय ताईंच्या विषयाच्या पाठीवरच होता. त्यांचं जस्त, माझं तांबं. माझं पाचवं वर्ष चालू होतं आणि माझ्या तांब्यानं आजवर एकही जिवाणू धड मारला नव्हता. त्या उन्हाळ्यात मी किती दमलो होतो ते आता सांगूनही कळणार नाही. सकाळी उठताना पहिला विचार यायचा तो हाच की अजून किती राहिलं. घरी विचारणं सगळ्यांनी सोडून दिलं होतं, आणि ते जास्त लागायचं.

ताई शनिवारी साडेदहाच्या एसटीनं आल्या. घामानं भिजलेल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि एक काचेची बाटली.

"ही माझी जुनी भुकटी," त्या म्हणाल्या. "तू नवी केलीस त्यात काही राहिलं असंल. धुतलीस ना नीट?"

"तीनदा, ताई."

"मी बी तीनदाच धुवायची."

त्यांनी अॅप्रन चढवला. जिवाणू मोजून घेतले, भुकटी तोलून घातली, फ्लास्क हलवले. हात सफाईदार होते. अख्खा उन्हाळा रोज जे केलं ते हाताला पाठ असतं. सर दारात येऊन उभे राहिले. ताई दोन्ही फ्लास्क घेऊन इनक्युबेटरपाशी गेल्या आणि दार उघडता उघडता थांबल्या.

"सर, तेव्हा आपल्याकडं..."

"उर्मिला," सर म्हणाले, "प्रबंधात जे लिहिलंय तसंच करायचं. सदतीस अंश, चार तास, इनक्युबेटर. एक शब्द इकडे-तिकडे नको."

ताईंनी एकदा सरांकडे पाहिलं. मग फ्लास्क आत ठेवून दार लावलं.

चार तास आम्ही स्टुलांवर बसून काढले. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. मुलीची परीक्षा संपली म्हणाल्या. नवीन प्राचार्य चांगले आहेत म्हणाल्या. मध्येच विचारलं, "प्रल्हाद, तू बरोबर करायलास ना रे हे सगळं? म्हणजे मला तसं म्हणायचं नाही."

"कळलं, ताई."

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही त्या आल्या. मी प्लेटा बाहेर काढल्या. त्यांनी त्या उताण्या करून उजेडासमोर धरल्या, आणि मोजण्याआधीच कळलं. तरी त्या मोजायला बसल्या. प्रत्येक ठिपक्यावर खालून स्केचपेनची खूण. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. एकशे अठ्ठ्याण्णव आणि दोनशे तीन.

त्यांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले.

"तुला काय वाटतं?" त्यांनी प्लेटवरची नजर न काढता विचारलं. "मी आकडे घरी बसून लिहिले असतील?"

"नाही ताई."

"बोलायला वेळ लावलास."

मला शरम वाटली, कारण लावला होता. आमच्या केंद्रात घरी बसून लिहिलेले आकडे ही काही ऐकिवातली गोष्ट नव्हती.

सोमवारी मी अहवाल लिहायला बसलो. एक पान. गयाबाई मोरीपाशी काचसामान घासत होत्या. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून त्या तिथं होत्या आणि त्यांच्याइतकी आमच्या वस्तूंची माहिती आमच्यापैकी कुणालाही नव्हती.

"ताई रडत गेल्या व्हय काल?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वॉचमन म्हनला. कामून? काय झालं?"

"त्यांचं पहिल्यासारखं येत नाही. मी सहा वेळा केलं, त्यांनी स्वतः केलं. इनक्युबेटरमध्ये ठेवतो, काही होत नाही."

गयाबाईंनी हातातला ब्रश थांबवला. "पन ताई पेटीत कुठं ठेवायच्या?"

"म्हणजे?"

"पेटी बंद होती की तवा. वरीसभर बंद, उलट जास्तच. नवी पेटी तुमी यायच्या आदल्या दिवाळीला आली. ताई त्या खिडकीत ठेवायच्या बाटल्या." त्यांनी उत्तरेच्या खिडकीकडे हनुवटी उडवली. "त्या खिळ्याला थर्मामीटर टांगायच्या. मी म्हनायची, ताई, ही खोलीच पेटी हाय, येगळी कशाला पायजे?"

आणि ते खरंच होतं. एप्रिल-मेमध्ये आमची खोली दुपारी सदतीस-अडतीसवर असायचीच. थर्मामीटर टांगून तेवढं तापमान मिळत असेल तर बीडमधला कुठलाही शहाणा माणूस बंद इनक्युबेटरसाठी रडत बसला नसता. आणि प्रबंधात 'इनक्युबेटर' आलं होतं, कारण आमच्याकडे कृतीचं प्रकरण कुणी नव्यानं लिहीतच नसे. आधीच्याच्या प्रबंधातून ते जसंच्या तसं उतरायचं, फक्त जिवाणूचं नाव बदलायचं. माझ्या प्रबंधाचंही ते प्रकरण मी तोवर उतरवून ठेवलं होतं.

मी खिडकीकडे पाहिलं. तिथून थेट ऊन कधी आत यायचं नाही. फक्त उजेड यायचा, पांढरा, डोळे दिपवणारा.

आज एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं पोर सांगेल की जस्ताच्या ऑक्साइडच्या कणांवर उजेड पडला की त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची तापट रूपं तयार होतात आणि ती जिवाणूंचं आवरण फाडतात. अंधारात हेच कण बरेचसे आळशी असतात, आणि आम्ही घ्यायचो तेवढ्या कमी मात्रेत तर फारच. शेजारच्या रसायनशास्त्राच्या लोकांना हे तेव्हाही ठाऊक असेल. पण ते त्यांच्या मजल्यावर चहा प्यायचे आणि आम्ही आमच्या.

मंगळवारी मी चार फ्लास्क लावले. भुकटीचा एक इनक्युबेटरमध्ये. खिडकीत तीन. त्यातला एक भुकटीशिवाय, एक भुकटीसह, आणि तिसरा भुकटीसह पण फोटो स्टुडिओतून आणलेल्या काळ्या कागदात गुंडाळलेला. बुधवारी सकाळी प्लेटा मोजल्या. इनक्युबेटरवाली भरलेली. भुकटीशिवायची भरलेली. काळ्या कागदातली भरलेली. खिडकीत उघड्या ठेवलेल्या फ्लास्कच्या प्लेटवर अकरा ठिपके.

मी ते अकरा चार वेळा मोजले. पाच वर्षांत पहिल्यांदाच मला त्या खोलीत आनंद झाला. ताईंना फोन करायला म्हणून मी प्लेटा हातातच घेऊन ऑफिसकडे निघालो. वाटेत सरांची खोली लागली, दार उघडं होतं.

सरांनी प्लेटा पाहिल्या. गयाबाई काय म्हणाल्या ते ऐकलं. एकही प्रश्न विचारला नाही, त्यावरूनच मला कळलं की त्यांना खिडकी ठाऊक होती.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो.

"त्या साली तपासणी समिती आली होती. सगळी उपकरणं चालू आहेत असं आपण लिहून दिलं. मी सही केली. नाहीतर केंद्राची मान्यता गेली असती." ते शांतपणे बोलत होते, जणू वेळापत्रक सांगत होते. "उर्मिलाला मीच म्हणालो, इनक्युबेटर लिही. सदतीस ते सदतीस. मला काय माहीत उजेडाचं."

"पण सर, आता माहीत झालं ना. परीक्षकांना लिहू. ताईंचे आकडे खरे आहेत."

"लिही. मग ते विचारतील, इनक्युबेटर का लिहिलं? मग समितीला काय लिहून दिलं ते निघेल. या केंद्रावर अकरा जणांची नोंदणी आहे, प्रल्हाद. अकरावा तू."

मी प्लेटा उचलायला हात पुढे केला.

"तुझ्या तांब्यातून काही निघत नाही, हे तुलाही माहितीय आणि मलाही. आणि हे," त्यांनी काळ्या कागदातल्या फ्लास्कच्या प्लेटवर बोट ठेवलं, "हे नवीन आहे. हे उर्मिलानं केलेलं नाही. उजेडात आणि अंधारात असा फरक तू पाहिलास. विषय बदलून घेऊ. दीड वर्षात मोकळा होशील."

"आणि ताई?"

"तिचं परत येईल. वर्षभरात नव्यानं काम करून सादर करता येतं. नियम आहे."

"जूनची जागा जाईल त्यांची."

"जाईल," सर म्हणाले. एवढं म्हणताना मात्र त्यांचा आवाज बसला. "अहवालात खोटं काहीच लिहायचं नाहीये तुला. प्रबंधात दिलेल्या परिस्थितीत परिणाम आढळला नाही. आढळला का?"

"नाही."

"मग?"

"ताईंना तरी सांगू का, सर?"

"सांगितल्यावर ती गप्प बसेल? तिनं का बसावं?"

मला खोटं बोलायचं नव्हतं, तसा मी माणूस नव्हतो. पण दीड वर्ष हा आकडा ऐकल्यावर माझ्या आत काहीतरी सैल पडलं. तहानलेल्याला पाण्याचा आवाज यावा तसं झालं. मी खूप दमलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. पण दुसरं काही आठवतही नाही. अहवाल एका पानाचा होता, त्यावर मी माझ्या पेननं सही केली. प्लेटा फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवल्या.

पुढचं थोडक्यात सांगता येतं. ताईंचा प्रबंध परत आला. जूनमध्ये त्या जागेवर दुसरं कुणी रुजू झालं. केंद्राची मान्यता राहिली, दहा जण पार पडले. मी दीड वर्षात नाही, पण सव्वादोन वर्षांत डॉक्टर झालो. 'धातूंच्या ऑक्साइडच्या कणांची जिवाणूनाशक क्रिया आणि प्रकाश' या विषयावर लोक अजूनही मला व्याख्यानाला बोलावतात. सेलूकर सर निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी वारले. ताईंनी नव्यानं काही सादर केलं नाही. शाळेत विज्ञान शिकवतात असं मध्यंतरी कळलं. मी चौकशी केली नाही.

त्या शेवटच्या आल्या ते अहवाल गेल्यानंतरच्या शनिवारी. आपलं सामान न्यायला. एक अॅप्रन, दोन वह्या, स्वतःच्या खर्चानं घेतलेली ठिपके मोजायची लेखणी. मी एकटाच होतो. गयाबाई सुट्टीवर होत्या, आणि त्या नाहीत याचं मला बरं वाटलं होतं.

"अहवाल वाचला सरांकडं," ताई म्हणाल्या. मी काहीतरी बोलायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "नको. तू आहे तसं लिहिलंस. दुसरा एखादा असता तर माझ्याकडं बघून आकडे फिरवले असते. मग आयुष्यभर मला त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली असती. त्यापेक्षा हे बरं."

त्या स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"एक विचारू? सरांना कळू देऊ नको." त्यांनी आवाज खाली आणला. "तेव्हा इनक्युबेटर बंद होता, तुला माहीत नसंल. मी फ्लास्क त्या खिडकीत ठेवायची. थर्मामीटर टांगून. लिहिताना इनक्युबेटर लिहिलं. ते मी खोटं लिहिलंय, मला कबूल आहे. पण झोपताना तेच डोक्यात येतं. त्यानं काही फरक पडला असंल का रे?"

त्या बसल्या होत्या तिथून फ्रिज चार पावलांवर होता. त्यात मागच्या बाजूला अकरा ठिपक्यांची प्लेट होती. मी उठून दार उघडलं असतं तर झालं असतं.

"तापमान किती असायचं, ताई?" मी विचारलं. माहीत असून.

"सदतीस. एखाद्या दिवशी अडतीस."

"मग नाही पडणार फरक."

"नक्की?"

"नक्की, ताई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ओळखतील. पण हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. खूप दिवस धरून ठेवलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखा.

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझंच मोजायला चुकत गेलं. अख्खा उन्हाळा. रोज. दोन-दोनदा मोजूनसुद्धा. बघ ना, माणसाला पायजे ते दिसायला लागतं."



त्यांनी वह्या पिशवीत भरल्या, अॅप्रनची घडी वर ठेवली. चार पंचवीसची गाडी मिळते का बघते म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि तुझं काम नीट कर, प्रल्हाद. घाई नको करू. माझ्यासारखं नको व्हायला."

"हो, ताई," मी म्हणालो.